नव्या गाडीचा गचका : दोष, स्वभाव की सवय?

आमच्या विज्ञान-गटात महिन्यातून एकदा आठ-दहा शिक्षक जमतात. मागच्या एका बैठकीला गणिताच्या बाई वैतागूनच आल्या. गुडघ्याच्या दुखण्यामुळे डाव्या पायाने सारखा क्लच दाबणे त्यांना जमेना. म्हणून कर्ज काढून त्यांनी आपोआप गिअर बदलणारी नवी गाडी घेतली. वाई ते पाचगणी हा त्यांचा रोजचा रस्ता आणि मधे पसरणी घाट. गाडी हजार किलोमीटरही चालली नव्हती, पण सुटताना गचके खाई. पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना मान पुढे जाई. घाटातल्या वळणावर थांबावे लागले आणि मागे एसटी येऊन उभी राहिली की बाईंच्या छातीत धस्स होई.

सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तर मिळाले, "मॅडम, या गाड्या अशाच असतात. सवय होईल." बाईंचा प्रश्न सरळ होता : हे उत्तर खरे मानायचे, की तोटा सोसून गाडी विकायची?

आम्ही कोणी मेकॅनिक नव्हतो. पण शाळेत विज्ञानाची जी पद्धत शिकवतो, ती गिअरबॉक्स न उघडता इथे वापरता येईल का, ते पाहायचे ठरवले. महिनाभर जे केले आणि त्यातून जे कळले, ते इथे मांडत आहोत.

शून्य ते सहा : अडचणीचा प्रदेश

आधी मुळातला प्रश्न घेऊ. गाडी सुटताना इंजिन थेट चाकांना का जोडता येत नाही?

एक छोटे गणित करू. चाकाचा परीघ १.८ मीटर आहे असे समजू. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे १४ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो, असेही धरू. लहान मोटारींमध्ये हे आकडे साधारण याच्या आसपास असतात. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेत असते. त्याहून फार खाली गेले तर ते बंद पडते. आता ८०० ला १४ ने भागले की चाकाचे ५७ फेरे मिळतात. त्याला १.८ ने गुणले की मिनिटाला सुमारे १०३ मीटर, म्हणजे ताशी सहा किलोमीटर.

याचा अर्थ असा, की पहिल्या गिअरमध्येही ताशी सहा किलोमीटरपेक्षा कमी वेगाला इंजिन आणि चाक घट्ट जोडलेले राहू शकत नाहीत. गाडी उभी असते, इंजिन फिरत असते. मधे काहीतरी घसरावेच लागते. हे घसरण्याचे काम साध्या गाडीत क्लच करतो. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, क्लच प्लेट हळूहळू दाबली जाते. ती आधी घसरते, मग पकडते. किती दाबायचे हे चालवणाऱ्याचा डावा पाय अनुभवाने शिकतो. नवशिक्याची गाडी गचके खाऊन बंद का पडते, ते आता लक्षात येईल. त्याच्या पायाला क्लच 'कुठे पकडतो' ती जागा अजून ठाऊक नसते.

दुसरा अवघड क्षण गिअर बदलतानाचा. समजा पहिल्या गिअरचे प्रमाण ३.५ आणि दुसऱ्याचे १.९ आहे. इंजिन मिनिटाला २५०० फेरे घेत असताना दुसरा गिअर टाकला, तर त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे १३५० वर यायला हवेत. हा अकराशे-साडेअकराशे फेऱ्यांचा फरक मधल्या वेळात मिटवायचा असतो. तो नीट मिटला नाही की धक्का बसतो.

डाव्या पायाचे काम कोणी करायचे?

'ऑटोमॅटिक' हा एकच शब्द आपण सर्रास वापरतो. पण त्याच्या पोटात निरनिराळी यंत्रे आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे.

पहिला प्रकार तेलाचा. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. दुसराही फिरू लागतो. हवेऐवजी तेल घेतले की इंजिन आणि गिअरबॉक्स यांना घट्ट न जोडताही गती देता येते. हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली या तत्त्वावरील यंत्रणेचे पेटंट घेतले, ते जहाजांसाठी. मोटारीत १९३९ साली जनरल मोटर्सने आणलेली 'हायड्रामॅटिक' ही यंत्रणा अशाच तेलाच्या जोडणीवर चाले. पुढे दोन पंख्यांच्या मधे तेलाचा प्रवाह वळवणारे तिसरे चक्र असलेला टॉर्क कन्व्हर्टर मोटारींमध्ये रूढ झाला. तेल घसरते तेव्हा गचका बसत नाही. म्हणून या गाड्या मुलायम सुटतात.

दुसरा प्रकार पट्ट्याचा. यात गिअरच्या पायऱ्याच नसतात. दोन पुलींचा प्रभावी व्यास कमी-जास्त होतो आणि प्रमाण सलग बदलत जाते. नेदरलँड्समधील डॅफ कंपनीने १९५८ साली अशी मोटार बाजारात आणली. आपल्याला हे तत्त्व परिचयाचे आहे ते बिनगिअरच्या स्कूटरमुळे. १९८४ साली आलेल्या कायनेटिक होंडापासून आजच्या स्कूटरपर्यंत हीच युक्ती आहे.

तिसऱ्या प्रकारात दोन क्लच असतात, एक विषम गिअरांसाठी आणि दुसरा सम गिअरांसाठी. एक सुटतो तेव्हा दुसरा पकडतो. ही कल्पना १९३९ च्या सुमारास आडोल्फ केग्रेस यांनी मांडली होती. मोटारींच्या मोठ्या उत्पादनात ती २००३ साली फोक्सवॅगनने आणली.

चौथा प्रकार आपल्याकडे लहान गाड्यांत खूप दिसतो. २०१४ साली मारुती सुझुकीने 'सेलेरियो'मध्ये तो आणला आणि पुढे इतर कंपन्यांनीही उचलला. त्याला 'एएमटी' म्हणतात. यात गिअरबॉक्स नेहमीचाच, क्लच प्लेटही नेहमीचीच. फक्त क्लच दाबणारा पाय आणि गिअर टाकणारा हात यांच्या जागी तेलाच्या दाबावर किंवा विजेच्या मोटारीवर चालणारी यंत्रणा बसवलेली असते. तिला हुकूम देतो एक छोटा संगणक. म्हणजे पेडल गेले, क्लच मात्र जागेवरच आहे! बाईंची गाडी याच प्रकारातली होती.

खडू का किंचाळतो?

क्लचच्या थरथरीचे एक कारण वर्गातच दाखवता येते. खडू फळ्यावर तिरपा धरा आणि ज्या दिशेला टोक आहे त्याच दिशेला ढकला. सरळ रेघ उमटण्याऐवजी टकटक करत ठिपक्यांची रांग उमटते. खडू क्षणभर चिकटतो, ताण वाढला की सुटून पुढे उडी मारतो आणि पुन्हा चिकटतो. स्थितिक घर्षण गतिक घर्षणापेक्षा जास्त असते, त्याचा हा परिणाम.

क्लच प्लेट फ्लायव्हीलवर घसरते तेव्हाही असेच होऊ शकते. प्लेट खूप तापली, तिच्यावर तेलाचा अंश आला किंवा पृष्ठभाग अजून नीट बसलेला नसला, तर ती चिकटते-सुटते, चिकटते-सुटते. ही थरथर बारीक आणि जलद असते.

दुसऱ्या जातीचा गचका मात्र मोठा आणि संथ असतो. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असे वाटावे आणि पाय एकदम जमिनीवर आपटावा, तसा. संगणकाने प्लेट कुठे पकडू लागते ती जागा आपल्या स्मृतीत नोंदवलेली असते. ती नोंद चुकीची असेल, तर प्लेट अपेक्षेपेक्षा आधीच पकडते. इंजिनाचे फेरे एकदम पडतात. ते सावरायला संगणक प्लेट सोडतो, पुन्हा दाबतो, पुन्हा सोडतो. अगदी नवशिक्या पायासारखे!

एक वही, एक बोल्ट आणि एक मोबाइल

आम्ही ठरवले, 'गाडी खराब चालते' हे वाक्य वहीत लिहायचे नाही. त्याऐवजी प्रत्येक गचक्यासाठी पाच गोष्टी लिहायच्या : गिअर कोणता, वेग किती, इंजिन थंड की गरम, रस्ता सपाट की चढाचा आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय किती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नोंद शेजारी बसणाऱ्याने करायची. चालवणाऱ्याने रस्त्याकडेच पाहायचे, हा नियम आम्ही कधीही मोडला नाही.

मोजमापाला दहा सेंटिमीटर दोऱ्याला बांधलेला बोल्ट आणि मागे पुठ्ठ्याचा कोनमापक. गाडीचे त्वरण एकसारखे असेल, तर दोरा मागे झुकतो आणि त्या कोनाची टॅन किंमत म्हणजे त्वरण भागिले गुरुत्वत्वरण. नऊ अंशांचा कोन म्हणजे दर सेकंदाला सुमारे १.५ मीटर प्रतिसेकंद इतके त्वरण. झटक्याच्या वेळी बोल्ट स्वतःच झोके घेऊ लागतो, त्यामुळे बारीक थरथर त्याने मोजता येत नाही. तिथे मोबाइलमधला त्वरणमापक कामी आला. जर्मनीतील आखेन येथील विद्यापीठात तयार झालेले 'फायफॉक्स' हे मोफत ॲप त्याचा आलेख काढून देते.

पंधरा दिवसांच्या नोंदी समोर मांडल्या तेव्हा एक गोष्ट कळली. बाई ज्याला 'गचका' म्हणत होत्या, तो एक नव्हताच. तीन वेगवेगळ्या गोष्टी होत्या.

पहिली, पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना मान पुढे जाणे. हे प्रत्येक वेळी होई, थंड असो की गरम. बोल्ट नऊ अंशांवरून सरळ खाली येई आणि पुन्हा मागे जाई. अ‍ॅक्सिलरेटर किंचित सैल सोडला की धक्का बराच कमी होई.

दुसरी, गाडी सुटताना पहिल्या दोन सेकंदांत बसणारे चार-पाच मोठे गचके. हे पहिल्या गिअरमध्येही आणि रिव्हर्समध्येही. थंड असतानाही, गरम असतानाही. ताशी आठ किलोमीटरच्या पुढे मात्र एकदाही नाही.

तिसरी, बारीक थरथर. ही फक्त घाटात, गर्दीत पाच-सात मिनिटे थांबत थांबत चढल्यानंतर. सपाट रस्त्यावर दहा मिनिटे चालले की नाहीशी.

आता तर्क

दुसरी नोंद सर्वांत बोलकी होती. दोष इंजिनात असता, एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकत असती, तर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये चढावर जोर देतानाही इंजिन अडखळले असते. तसे नव्हते. दोष चाकांच्या तोलात असता, तर वेगाबरोबर वाढला असता. इथे तर वेग वाढताच तो संपत होता. एसी चालू-बंद करूनही फरक पडत नव्हता. पहिला गिअर आणि रिव्हर्स यांचे दाते वेगळे. मग दोन्हींत समान काय? सुटताना घसरणारा क्लच. आणि आठच्या पुढे काय थांबते? क्लचचे घसरणे. वर केलेले ताशी सहा किलोमीटरचे गणित इथे कामी आले. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसते ते सैल असले तरी सुटताना धक्का बसतो, एवढी एक शंका मात्र बाकी राहिली. ती वर्कशॉपमध्ये पाहूनच मिटणार होती.

पहिली नोंद म्हणजे या यंत्राचा स्वभाव. गिअर बदलताना क्लच सुटतो, तेवढा वेळ चाकांना इंजिनाची ताकद मिळतच नाही. सपाट रस्त्यावर हा खंड नुसता जाणवतो. चढावर तो जास्त टोचतो. दहाला एक असा चढ असेल, तर ताकद थांबताच गाडीचा वेग दर सेकंदाला सुमारे एक मीटर प्रतिसेकंद घटतो. एका सेकंदाचा खंड पडला तर ताशी साडेतीन किलोमीटर वेग गेला! डाव्या पायाने गिअर बदलतानाही खंड पडतोच. पण तेव्हा तो आपणच पाडतो, म्हणून मान आधीच सावरलेली असते.

तिसरीचे उत्तर बाईंनीच दिले. गाडी मागे जाऊ नये म्हणून त्या चढावर ब्रेक न धरता अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबून गाडी जागेवर तोलून धरत होत्या. जुन्या गाडीत 'हाफ क्लच'वर धरण्याची सवय, तीच इथे आली होती.

क्लचमधला गीझर

या सवयीचा हिशेब करू. गाडीचे वस्तुमान १००० किलोग्रॅम, चढ दहाला एक. गाडी खाली ओढणारे बल सुमारे ९८० न्यूटन. चाकाची त्रिज्या ०.२९ मीटर. पहिल्या गिअरचे १४ हे प्रमाण लक्षात घेता क्लचला सुमारे २० न्यूटन-मीटर टॉर्क पेलावा लागतो. इंजिन मिनिटाला १००० फेरे, म्हणजे सेकंदाला सुमारे १०५ रेडियन फिरत आहे. २० गुणिले १०५ म्हणजे २१०० वॅट.

गाडी जागची हलत नाही, म्हणजे ही सर्व शक्ती उष्णतेत जाते. न्हाणीघरातला दोन किलोवॅटचा गीझर क्लचमध्ये चालू ठेवल्यासारखेच हे आहे, आणि तिथे तापायला पाणी नाही! चालवणाऱ्याला याची चाहूलही लागत नाही, कारण पायाखाली थरथरणारे पेडलच नाही. म्हणून अशा गाडीत चढावर थांबताना पायाचा ब्रेक किंवा हँडब्रेक, एवढेच धरायचे.

पुन्हा वर्कशॉपमध्ये

बाई पुन्हा गेल्या त्या वही घेऊन. या वेळी "गाडी गचके खाते" असे न म्हणता त्यांनी तीन वाक्ये जॉब कार्डवर लिहायला लावली आणि त्याची प्रत घेतली. फोरमनला शेजारी बसवून चढावर गाडी सुटवून दाखवली. ते महत्त्वाचे. वर्कशॉपच्या सपाट अंगणात निम्म्या तक्रारी दिसतच नाहीत.

फोरमनने आधी इंजिनाची माउंटिंग तपासली, ती ठीक होती. मग गाडीच्या संगणकाला आपले यंत्र जोडले. क्लच पकडण्याची नोंदलेली जागा आणि प्रत्यक्ष जागा यांत तफावत निघाली. यंत्राच्या साहाय्याने ती जागा संगणकाला नव्याने शिकवण्यात आली. काम अर्ध्या तासाचे, तेही वॉरंटीत. सुटतानाचे मोठे गचके त्या दिवसापासून थांबले. घाटातली थरथर बाईंनी हँडब्रेक वापरायला सुरुवात केल्यावर थांबली. दुसऱ्या गिअरला मान जायची ती अजूनही थोडी जाते, आणि जाणारच.

म्हणजे "या गाड्या अशाच असतात" हे उत्तर एक-तृतीयांश खरे होते. बाकीच्यातला एक भाग गाडीचा दोष होता आणि एक भाग बाईंची सवय.

तुमच्या गाडीत काय पाहाल?

आधी माहिती-पुस्तिका उघडून गिअरबॉक्स कोणत्या प्रकारचा आहे ते पाहा. एकाचा दोष तो दुसऱ्याचा स्वभाव असू शकतो. सुटताना ठसठशीत गचके टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत मुळीच अपेक्षित नाहीत. अशा गाडीत गिअर लागायला उशीर होत असेल किंवा बदलताना आदळत असेल, तर तेलाची पातळी आणि रंग आधी तपासून घ्यावा. तेल कमी किंवा करपलेले असेल तर दाब नीट मिळत नाही. तेल नेमके कोणते हे पुस्तिकेतच पाहावे. एकाच्या जागी दुसरे चालत नाही. एकसारख्या वेगाने जाताना रस्त्यावरच्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी बारीक थरथर आली, तर तेलाची घसरण थांबवण्यासाठी आत बसवलेल्या क्लचकडे संशय जातो. दोन कोरड्या क्लचची गाडी गर्दीत सरपटवत नेली, तर तीही एएमटीसारखीच तापते.

नव्या गाडीत क्लचचे पृष्ठभाग बसायला आणि संगणकाला जुळवून घ्यायला थोडे अंतर लागते, हे खरे. पण गचके दिवसेंदिवस कमी होत आहेत की वाढत आहेत, हे वहीच सांगेल. जळका वास, डॅशबोर्डवरचा इशारा-दिवा, किंवा चालत्या गाडीची ताकद एकाएकी जाणे यांपैकी काहीही झाले, तर प्रयोग थांबवून गाडी लगेच तपासायला न्यावी.

"दोष तुमच्या चालवण्यात"

नोंदी ठेवण्याचे मोल किती, हे एका मोठ्या प्रकरणात दिसले. ऑस्ट्रेलियात दोन कोरड्या क्लचच्या फोर्ड गाड्या सुटताना थरथरत असल्याच्या असंख्य तक्रारी आल्या. काही ग्राहकांना सांगण्यात आले, की थरथर त्यांच्या चालवण्याच्या पद्धतीमुळे आहे. प्रत्यक्षात या यंत्रणेत दोष असल्याचे कंपनीला ठाऊक होते. २०१८ साली तिथल्या फेडरल कोर्टाने तक्रारी हाताळण्याच्या या पद्धतीबद्दल फोर्डच्या ऑस्ट्रेलियातील कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला.

चालवणाऱ्याची चूक असूच शकते. आमच्या बाईंचीही थोडी होतीच. पण ती आहे की नाही, हे निरीक्षणाने ठरायला हवे. काउंटरपलीकडचा माणूस किती ठामपणे बोलतो, यावर ते ठरू नये.

वर्गासाठी

आठवी-नववीच्या मुलांना बोल्टचा त्वरणमापक करायला सांगा. एसटीने येणाऱ्यांनी ड्रायव्हर गिअर बदलतो तेव्हा तो पाहावा आणि चढावर व सपाटीवर काय फरक पडतो ते लिहावे. मोठ्या मुलांना क्लचमधल्या गीझरचे गणित वीसला एक चढासाठी करू द्या. आणि एक प्रश्न विचारा : विजेवर चालणाऱ्या मोटारीत बहुधा ना क्लच असतो, ना बदलायचे गिअर. तरी ती मुलायम सुटते. का? विजेची मोटर शून्य फेऱ्यांपासूनच टॉर्क देते, या उत्तरापर्यंत मुले पोचली, तर 'शून्य ते सहा'चा अडचणीचा प्रदेश त्यांना नीट कळला असे समजायला हरकत नाही.

बाईंची वही आता गटाच्या कपाटात आहे. पहिल्या पानावर "गाडी खराब" असे लिहून खोडलेले आहे, आणि खाली आहे : गिअर पहिला, वेग तीन, इंजिन थंड, रस्ता सपाट, गचके चार.